खंडेनवमीला अडलेली मेल

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी तेव्हा मेल सर्व्हर सांभाळायचो. मेल आली की सर्व्हर शेजारच्या खोलीतल्या डेटाबेसच्या मशीनला विचारायचा, ज्याच्या नावे ही आली तो माणूस आपला आहे का? हो म्हटलं की मेल आत. दिवसभरात काय काय झालं, ते लॉगच्या फायलीत ओळीनं उमटायचं.

खंडेनवमीला मी अंबडच्या शाखेतून तीन वाजता परत आलो, तर डेटाबेसचं मशीन बंद आणि वर झेंडूचा हार! आमचे हेडक्लार्क काका, माझ्या वडिलांच्या वयाचे, दर नवमीला ऑफिसची यंत्रं पुजायचे. "आजच्या दिवस त्यान्ला आराम देऊन राह्यलो साहेब," म्हणाले. मेल सर्व्हर तेवढा वाचला, कारण त्याच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात.

माझं डोकंच फिरलं. "काका, अक्कल गहाण ठेवली का?" सगळ्यांसमोर बोललो. मशीन चालू केलं, लॉग उघडला. सकाळपासून एकच रड, डेटाबेस उत्तर देत नाही. त्यात एक ओळ पुन्हा पुन्हा आलेली: पुण्याच्या एका कंपनीकडून, काकांच्या पत्त्यावर.

काका खुर्ची ओढून पडद्याजवळ आले. "लेकीनं तिथं नोकरीची परीक्षा दिल्ती. घरी फोन न्हाई, म्हणून ऑफिसचा पत्ता लिवल्ता. नवमीला मेल करतो म्हणले, पाचच्या आत होकार न्हाई आला तर दुसऱ्याला बोलावणार. मंग गेली का हो ती मेल?"

मी ओळ नीट वाचली. 'असा माणूस इथं नाही' असं आमच्या सर्व्हरनं एकदाही म्हटलं नव्हतं. त्याला ठाऊक नव्हतं, तर त्यानं तेवढंच सांगितलं: आत्ता सांगता येत नाही, थोड्या वेळानं या. आणि पुण्याचं मशीन आपलं येतच होतं. ना कंटाळा, ना चिडचिड! हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं, पण खरा थक्क झालो तो त्या दिवशी. पुढची फेरी कधी मारायची, ते पुण्याच्या हातात. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो.

पावणेपाचला मेल आत आली. मी वाचून दाखवली, लेकीची निवड झाली होती. "लिवा साहेब, येते म्हणून. जल्दी!" लिहिलं, पाठवलं, पोचल्याची ओळ लॉगमध्ये दिसली.

काका उठले ते घराकडे पळालेच. चपला दाराबाहेर तशाच. इतक्या वेळात माझ्या तोंडून एकदाही 'चुकलो' निघालं नव्हतं. त्या चपला मी उचलल्या आणि जुन्या जालन्यात त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या.