बॉनेटचा आकडा आणि आमचे मामा

जगातली निम्मी दुःखं झाकणं नीट न बसल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कोलशेतच्या आमच्या कारखान्यात ते टूलरूमचे फिटर होते आणि सगळे त्यांना मामा म्हणत. शिपायापासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे ते मामा. सख्खा भाचा मात्र त्यांना एकही नव्हता. मामांच्या गोष्टी मी लोकांना खूपदा सांगितल्या आहेत, पोट धरधरून हसवलं आहे. पण दर वेळी एका ठरावीक जागी आलो की मी चहा मागवायचो आणि विषय बदलायचो. असं करत सोळा वर्षं काढली. आता बहात्तर वय झालं, गेल्या वर्षी छाती उघडून झाली. या वेळी त्या जागी थांबायचं नाही, असं ठरवून लिहायला बसलो आहे. तरीही, बघा, सुरुवात हसण्याच्या गोष्टींनीच करतो आहे.

आम्ही गाड्यांचे खटके बनवायचो. बॉनेट खाली टाकलं की जो 'खट्' आवाज होतो, तो आमचा धंदा. मी डिझाइनचा प्रमुख. मी कागदावर काढायचो आणि मामा तेच लोखंडात काढायचे, बहुतेक वेळा माझ्यापेक्षा बरं. त्यांचा उजवा अंगठा पुढून चमच्यासारखा चपटा झाला होता, कारण तीस वर्षं त्यांनी त्या अंगठ्यानं स्प्रिंगा दाबल्या होत्या. स्प्रिंग दाबायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "सव्वाचार किलो." मग आम्ही ती यंत्रावर लावायचो. यंत्र चार किलो तीनशे दाखवायचं, आणि मामा शांतपणे म्हणायचे, "यंत्राला एकदा तपासून घ्या, साहेब." खोटं वाटेल, पण दोनदा खरोखरच यंत्र बिघडलेलं निघालं. कोपरीच्या बाजारात ते कपड्यांचे चिमटे घ्यायला गेले की डझनातला एकेक चिमटा अंगठ्याखाली घेत. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "मामा, कपडे वाळत घालायचेत की माणूस टांगायचाय?" मामा म्हणाले, "तुमचा हा चिमटा तर रुमालाला पण नाही म्हणेल," आणि बारातले सात परत देऊन निघून आले.

स्प्रिंग दमते, असं त्यांचं मत होतं. माणसासारखीच तिलाही सुट्टी लागते. म्हणून आठवड्याची सुट्टी लागण्याआधी ते टूलरूमभर फिरून सगळ्या दाबलेल्या स्प्रिंगा मोकळ्या करत आणि मग आमच्या ऑफिसात येऊन टेबलांवरची खटक्याची पेनं मिटून ठेवत. स्वतःच्या डब्याला त्यांनी एक खटका केला होता. तो उघडायची एक खास रीत होती आणि ती त्यांच्याखेरीज कुणाला येत नसे. एका दुपारी ती त्यांनाही येईना. अर्धा तास झटापट करून ते उपाशी राहिले, पण चेहऱ्यावर एवढं समाधान की जणू पुरणपोळी जेवलेत. "बघितलंत? मालकालासुद्धा दाद देत नाही!" मेहुणीच्या मुलीचं लग्न कल्याणला होतं, तिथे तर ऐन अक्षतांच्या वेळी मामा गायब. शोधाशोध झाली. नवरदेवाच्या फुलांनी मढवलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये ते कमरेपर्यंत शिरलेले सापडले. मामी ओरडल्या, "अहो, लोक काय म्हणतील!" आतून उत्तर आलं, "लोकांचं जाऊ दे. पत्रीपुलापाशी हे उघडलं तर नवरी काय म्हणेल?"

तर अशा माणसाबरोबर मी तो आकडा बनवत होतो.

आकडा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बॉनेटला दोन पहारेकरी असतात. एक मुख्य खटका. तो गाडीत बसून दांडा ओढला की सुटतो. पण तो चुकून सुटला तर बॉनेट वाऱ्यानं उडून काचेवर येऊ नये म्हणून पुढे एक आकडा असतो. फटीत बोट घालून तो सरकवावा लागतो, तेव्हा बॉनेट पूर्ण उघडतं. या आकड्याला जागेवर धरून ठेवते एक छोटीशी स्प्रिंग, लहान मुलाच्या करंगळीएवढी. एका लहान मालवाहू गाडीसाठी आम्हाला हा सगळा जोड नव्यानं करायचा होता. काम मिळालं तर कारखाना चालणार होता, नाही मिळालं तर एक पाळी बंद होणार होती. सगळ्यांना हे माहीत होतं, त्यामुळे कुणी ते बोलत नव्हतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कंपनीचे अधिकारी आले. त्यांनी फटीत बोट घातलं, आकडा सरकवला आणि बोट झटकत म्हणाले, "फार कडक आहे हो. आमच्या गिऱ्हाइकाचं बोट चेपेल." बस, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. नवी, हलकी स्प्रिंग बनवून यायला आठवडा लागला असता. मी टूलरूममध्ये गेलो आणि मामांना म्हणालो, "आकड्याच्या स्प्रिंगचा एक पाय थोडा वाकवा. दाब कमी झाला पाहिजे."

मामांनी स्प्रिंग अंगठ्याखाली धरली. "साहेब, ही आहे तीच बरोबर आहे. पाय वाकवला की आकडा आळशी होईल. वारा भरला की बघतच राहील."

"मामा, चाचणीपुरतं करायचंय. नंतर नीट स्प्रिंग मागवू."

"चाचणीलाच तर तिचं काम आहे ना?"

"तुम्ही करताय की दुसऱ्याला सांगू?"

हे मी बोललो. असं मी त्यांच्याशी आधी कधी बोललो नव्हतो. मामांनी स्प्रिंग टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "चिठ्ठी द्या."

आमच्याकडे नियम होता. ड्रॉइंगमध्ये नाही असं काही करायचं तर डिझाइनवाल्यानं सहीची चिठ्ठी द्यायची. मामांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे कधीही चिठ्ठी मागितली नव्हती. मी तोंडानं सांगायचो, ते करायचे, कागद आठवड्यानं जायचा. त्या दिवशी त्यांनी मागितली, यावरूनच मला सगळं कळायला हवं होतं. मला कळलंही होतं. "देतो हो, आधी काम करा," असं म्हणून मी बाहेर पडलो. टेबलावर चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं. मी ते उघडलं आणि पुन्हा मिटलं. सही केली असती तर सकाळी कुणीतरी विचारलं असतं, आदल्या दिवशी स्प्रिंग का बदलली म्हणून.

चाचणी खाडीकडे जाणाऱ्या, पुढे बंद होणाऱ्या सरळ रस्त्यावर होती. मुख्य खटका मुद्दाम सोडून द्यायचा आणि नुसत्या आकड्यावर गाडी पळवायची, अशी ती चाचणी. आम्ही सात-आठ जण कडेला उभे. मामा थोडे बाजूला, हाताची घडी घालून. चाळीसचा वेग झाला, बॉनेट नुसतं थरथरलं. साठला ते बोटभर उचललं गेलं आणि पुन्हा बसलं. अधिकारी मान डोलावत होते. मी मामांकडे पाहिलं. ते गाडीकडे बघतच नव्हते, रस्त्याच्या टोकाला असलेल्या भिंतीकडे बघत होते. मग ते एकदम ओरडले, "थांबवा! अरे, थांबवा त्याला!" आणि हात हलवत रस्त्यात धावले. ड्रायव्हरला ते दिसलेही नसतील, कारण त्याच वेळी बॉनेट उडून काचेवर आदळलं होतं. गाडी तिरकी गेली आणि कडेच्या गटारात शिरली. मामा सगळ्यांच्या आधी पोचले. ड्रायव्हरचा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. तो बिचारा सारखा म्हणत होता, "काही दिसलंच नाही हो, मामा, काही दिसलंच नाही."

चौकशी दोन दिवसांनी झाली. मॅनेजरसाहेबांच्या खोलीत टेबलावर पांढऱ्या कागदावर ती स्प्रिंग ठेवली होती. तिच्या पायावर पक्कडीचे दोन व्रण स्पष्ट दिसत होते.

"ड्रॉइंगमध्ये हा पाय सरळ आहे," मॅनेजर म्हणाले. "पक्कड कुणी लावली?"

"मी लावली, साहेब," मामा म्हणाले.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. स्प्रिंग दाबण्याआधी तिच्याकडे जसे बघत तसे, किती भार घेईल याचा अंदाज घेत. मी टेबलाकडे बघत होतो.

"चिठ्ठी आहे?"

"नाही, साहेब."

"मग स्वतःच्या मनानं केलं?"

खोलीतला पंखा जरा जास्तच आवाज करत होता. मामा म्हणाले, "पक्कड माझीच आहे, साहेब."

पुन्हा कुणी विचारलं नाही. त्या खोलीत त्यांच्याकडे बोट जाणं सोपं होतं. का सोपं होतं, खुर्च्यांवर कोण होते आणि उभं कोण होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो ते असं: "मामांची इतक्या वर्षांची नोकरी बघता, काढून टाकू नये असं मला वाटतं." लोकांना माझा मोठेपणा दिसला.

मामांना टूलरूममधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. खिडकीतून नटबोल्ट मोजून द्यायचे, पावती फाडायची. त्यांची पक्कड, कानशी, सगळं दुसऱ्याकडे गेलं. आम्ही मूळची कडक स्प्रिंग पुन्हा घातली, आकड्याची जीभ, म्हणजे बोटानं सरकवायची पट्टी, थोडी लांब केली, म्हणजे बोटाला जोर कमी लागला. ही युक्ती मामांनी मला स्टोअरच्या खिडकीतून सांगितली होती. नट देता देता म्हणाले, "स्प्रिंगला हात लावू नका, जीभ वाढवा." चाचणी पार पडली, काम मिळालं, पाळी वाचली. कारखान्यानं माझा सत्कार केला. मामा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि समारंभ संपल्यावर त्यांनी माझ्या शालीच्या खोक्याचं झाकण दाबून बघितलं.

चार वर्षांनी ते स्टोअरमधूनच निवृत्त झाले. त्यांच्याकडे जाऊन बोलायचं मी अनेकदा ठरवलं, पण दर वेळी काही ना काही आडवं आलं. खरं तर काहीच आडवं आलं नाही. गेल्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर हिंडायला लागलो, तेव्हा डोंबिवलीहून उठून त्यांच्या कोपरीच्या चाळीत गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो.

मामा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मला बघून उठायला लागले, "साहेब! या, या! केवढे वाळलात!" मी बोलायला लागलो आणि कळलं की त्यांना अजिबात ऐकू येत नाही. तारुण्यातली दहा वर्षं प्रेस-शॉपमध्ये गेली होती, तिथल्या आवाजानं आता हिशेब चुकता केला होता. मामी म्हणाल्या, "मुलीनं मशीन घेऊन दिलंय. घालतच नाहीत. म्हणतात, त्याच्या बॅटरीचं झाकण भिकार आहे, ज्यानं केलं त्याला माझ्याकडे आणा."

मला हसू आलं. पण म्हणजे मला जे सांगायचं होतं ते ओरडून सांगावं लागणार होतं. शेजारच्या दारात दोन बायका पालेभाजी निवडत होत्या. पलीकडे कुणी कॅरम खेळत होतं. मामींनी आत नेऊन बसवलं. बुद्धाच्या फोटोखाली मामांच्या शेजारी बसलो. मामींनी चहा आणला आणि समोर जमिनीवर बसल्या.

"साहेब, एक बोलायचं राहिलंय बघा कधीचं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातून तेव्हा ती चूक झाली. त्या ड्रायव्हरचा हात मोडला. दुसरा कोणी असता तर ह्यांना घरी बसवलं असतं. पोरीची कॉलेजची वर्षं होती. तुम्ही शब्द टाकलात म्हणून आमचं निभावलं."

"कोण म्हणालं तुम्हाला हे?"

"कोण म्हणजे? हेच. त्या दिवशी घरी आले ते जेवले नाहीत. म्हणाले, माझ्या हातून चुकलं, साहेबांनी सांभाळून घेतलं. त्यानंतर घरात एक खिळासुद्धा ठोकला नाही ओ ह्यांनी. मीच म्हणायची, होतं माणसाकडून."

मामा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. किती कळत होतं, कुणास ठाऊक. मामी एवढ्या जवळ होत्या की मला ओरडायचीही गरज नव्हती. हळू बोललो असतो तरी पुरलं असतं, आणि त्यांनी ते मामांना त्यांच्या खुणांनी समजावलं असतं. मी तोंड उघडलं.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

मामी खूश झाल्या. निघताना मामा जिन्यापर्यंत आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले, "साहेब, सावकाश उतरा. घाई नाही!"

चार महिन्यांनी मामा गेले. मला नंतर कळलं. मामी आता मुलीकडे राहतात. नवऱ्याच्या हातून एकदा चूक झाली आणि एका भल्या माणसानं सांभाळून घेतलं, असंच त्या आजही समजून आहेत.

मामी, चूक मामांच्या हातून झाली नव्हती. स्प्रिंग वाकवायला मी सांगितलं. त्यांनी नको म्हटलं, चिठ्ठी मागितली, मी दिली नाही. चौकशीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान खाली घातली. तुम्ही माझे आभार मानलेत आणि मी चहा प्यायलो. मामा, मामी, मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा.