मालाड की पुणे: सुकेळी घेऊन व्हिडिओ गेमच्या पत्रकार परिषदांना

मला व्हिडिओ गेम खेळता येत नाही आणि या वयात शिकायचाही नाही, हे आधीच सांगतो. तरी परवा मी व्हिडिओ गेमच्या व्यापारी प्रदर्शनाला जाऊन तीन कंपन्यांच्या पत्रकार परिषदा ऐकून आलो. कान अजून वाजताहेत. कुणी जाणार असेल तर हे वाचून जावं, म्हणजे मला झालेला ताप निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

जायचं कारण माझी नात सायली. ती गेममधली झाडं, घरं, रस्ते कॉम्प्युटरवर तयार करते. सध्या माणिकपूरच्या एका ऑफिसात जाहिरातींची चित्रं करते आणि रात्री घरी आपली झाडं. तिला दोन कंपन्यांनी नोकरी देऊ केली. एक मालाडची, मोठी. दुसरी पुण्याची, लहान. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. पगार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे पगारावरून निकाल लागेना. माझ्या मते विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मालाडला गेली तर रोज संध्याकाळी निर्मळला घरी येईल. पुण्याला गेली तर सणावाराला येईल, आणि मग तेही कमी होईल. हे मी घरात इतक्यांदा बोललो की सूनबाई म्हणाल्या, आता पुरे.

दोन्ही कंपन्यांच्या पत्रकार परिषदा एकाच दिवशी, एकाच प्रदर्शनात होत्या. सायली म्हणाली, ऐकून ठरवते. मी म्हटलं, मीही येतो. पोरगी ज्या घरी जाणार ते घर बघायला एक म्हातारं माणूस लागतंच.

"आजोबा, ही बैठक नाहीये," ती म्हणाली.

मग काय आहे, मी विचारलं. समोरचे आपलं चांगलं चांगलं सांगणार, आपण ऐकणार, मग विचारायचं ते विचारणार. बैठकीत दुसरं काय होतं? तिने हात जोडले. बैठकीला रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून मी घरच्या सुकेळ्यांचा एक पुडा बरोबर घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी. वाळल्या पानात गुंडाळून सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या सुक्या पट्टीने, घट्ट आवळून बांधली की लांबून लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसतात. हे पुढे महत्त्वाचं आहे.

गाडी फेलिक्सची. फेलिक्स पापडीचा, माझा जुना दोस्त, जन्मभर मला टोचत आलेला. सकाळी लवकर निघालो. माणिकपूर ओलांडेपर्यंतच रिक्षांनी जीव खाल्ला. हायवेला लागलो, तर खाडीच्या पुलाच्या बरंच अलीकडे गाड्या थांबलेल्या. पुलाचं काम, का अपघात, का नुसतीच हौस, शेवटपर्यंत कळलं नाही. दहिसरला छोट्या गाड्यांना आता टोल नाही, तरी गाड्या सवयीने थांबल्यासारख्या थांबतातच. ज्यांना वेळेवर पोहोचायचं आहे त्यांनी उजाडायच्या आत निघावं. मी सायलीला दर सिग्नलला विचारत होतो, उशीर झाला तर आत घेतील ना, पास मोबाईलमध्ये दिसतोय ना, चार्जिंग आहे ना. फेलिक्स म्हणाला, "यशवंता, मुलाखत तिची आहे की तुझी?"

वाटेत विषय काढायचा म्हणून मी त्याला आमच्या वाडीत येणाऱ्या केळीवाल्यांचं सांगू लागलो. लोंगर, म्हणजे केळीचा अख्खा घड, झाडावर असतानाच त्याचा सौदा होतो. व्यापारी येतो, बघतो. जो म्हणतो, वा काका, काय लोंगर आहे, असा लोंगर बघितला नाही, तो चहा पिऊन जातो आणि परत येत नाही. आला तरी निम्म्या भावात मागतो. जो म्हणतो, ही फणी बारीक राहिली, इथे उन्हाने काळं पडलंय, तो खरा घेणारा. त्याला घ्यायचा असतो म्हणूनच तो नीट बघतो. फेलिक्स म्हणाला, हे तू मला पन्नास वर्षं सांगतोयस. मागच्या सीटवरून सायली म्हणाली, मलाही. लहानपणी सौदा चालू असताना ती माझं धोतर धरून उभी असायची. गाडीत तिथेच मी गप्प बसायला हवं होतं.

प्रदर्शन गोरेगावला, हायवेच्या जवळच. गाडी लावायला जागा आहे, पण तिथून दारापर्यंत चालून गुडघे गेले. आधी ऑनलाइन नाव नोंदवा, आधार कार्ड जवळ ठेवा, पाण्याची बाटली नेऊ नका, ती दारातच काढून घेतात. दारातल्या मशीनमध्ये माझा पुडा गेला आणि पलीकडे दोन रखवालदार गोळा झाले. "चाचा, ये क्या है?" मी म्हटलं, केला है, सूखा हुआ. त्यांनी पुडा कानाशी नेऊन हलवून पाहिला. सायली चार पावलं बाजूला जाऊन मोबाईलमध्ये तोंड घालून उभी राहिली. शेवटी एक सोपट सोडून त्यांना एकेक सुकेळं खायला दिलं तेव्हा आत सोडलं. दुसरं मागितलं नाही, एवढं म्हणेन.

आत बसायला खुर्ची नाही. पोरं जमिनीवर बसलेली, काही तलवारी घेऊन, काहींचे केस निळे. दणदणाट असा की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. कॉफीचा एक कप घेतला. त्या पैशांत आमच्या नाक्यावर सगळ्या दुकानदारांना चहा पाजून झाला असता. जेवण घरून न्या, पण ते बाहेर गाडीतच खावं लागतं.

पहिली पत्रकार परिषद एका परदेशी कंपनीची. तिच्याशी आमचं देणंघेणं नव्हतं, पण सायली म्हणाली की बघून घ्या, म्हणजे पुढच्यांशी ताडून पाहता येईल. अंधार केला, मोठा पडदा, आणि पडद्यावर एक गोरा गृहस्थ येऊन गोड हसत बोलला. तो तिथे नव्हताच. आधीच रेकॉर्ड करून पाठवलेला. लोक पडद्याला टाळ्या वाजवत होते. आमच्याकडे मुलगा परगावी असला म्हणून फोटो पाठवून लग्न जमवायची पद्धत होती, पण निदान काका तरी येऊन बसायचा.

मग मालाडची. हॉल मोठा, रांग त्याहून मोठी. मनातून मी त्यांच्याच बाजूने होतो, हे लपवत नाही. सुरुवातीलाच धूर सोडला, मला वाटलं वायर जळली, मी सायलीचा हात धरून उठलोसुद्धा. मागच्यांनी खाली बसवलं. मग काळा टी-शर्ट घातलेले साहेब आले आणि म्हणाले, आम्ही कंपनी नाही, आम्ही एक कुटुंब आहोत. मला बरं वाटलं. पुढे मात्र सगळं जगातलं पहिलं, आजवर कुणी न पाहिलेलं, असंच होतं. गेम केव्हा येणार, तर लवकरच. त्यात सायली काय करणार, म्हणून मी पडद्यावर झाडं शोधत होतो. सगळीकडे आग लागलेली, झाड एकही नव्हतं. साहेबांचं संपलं तसा मी हात वर केला. दिवे लागले, गाणं सुरू झालं, साहेब गेले. कडेला उभ्या असलेल्या मुलीने सांगितलं की प्रश्न ईमेलने पाठवा.

बाहेर आल्यावर मी सायलीला म्हटलं, छान आहे, मोठं घर आहे. फेलिक्सने विचारलं, "आवडलं तुला?"

"आवडलं."

"मग कानात बोटं का घातली होतीस?"

सायली हसली नाही. तिचं तोंड उतरलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, झाडं नव्हती.

पुण्याची परिषद शेवटच्या कोपऱ्यातल्या लहान खोलीत. तिथे खुर्च्या होत्या, एवढ्यावरच मी त्यांना काही गुण देऊन टाकले आणि लगेच मनातल्या मनात परत घेतले. पडद्यावर चित्र येईना. पंचेचाळिशीच्या एक बाई, साधा कुडता, चष्मा केसांवर चढवलेला, स्वतःच वायर ओढत होत्या. चित्र आलं तर मध्येच थांबलं. मला आतून गारगार वाटलं. फेलिक्सला कोपराने ढोसून म्हटलं, बघ, साधी वायर नीट नाही आणि पोरगी पुण्याला न्यायला निघालेत.

बाई म्हणाल्या, गेम यंदा येणार होता, तो येत नाही, पुढच्या वर्षी येईल. जंगलाचा भाग चांगला झालाय, गावाचा फसलाय, पुन्हा करतोय. मग जंगल दाखवलं. ते मात्र मी बघत राहिलो. ओल्या पानावरून पाणी ओघळावं तसं ओघळत होतं. सायली खुर्चीच्या टोकावर आली होती.

प्रश्न विचारा म्हणाले. मी उठलो. माईकवाला म्हणाला, अंकल, फक्त मीडिया. सायलीने माझा सदरा खाली ओढला आणि दातांत म्हणाली, "आजोबा, माझी नोकरी घालवाल." पण उठलेलं माणूस बसवायचं कसं, हे त्यालाही कळेना. बाई म्हणाल्या, विचारू द्या.

मी विचारलं, "तुम्ही मुलामुलींना कामाला रात्री-अपरात्री थांबवता का?"

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"थांबवलं. मागचे दोन महिने सगळ्यांना थांबवलं. दोघं आजारी पडली. आमचं चुकलं. तारीख पुढे गेलीये ती म्हणून. जाहीर करताना कारण सांगायचं टाळलं मी, आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते."

मी आभार मानून खाली बसलो. सायलीने सदरा सोडला नव्हता.

संपल्यावर आम्ही त्यांच्या टेबलाशी गेलो. सायलीने नाव सांगितलं, बाईंनी ओळखलं, हे आजोबा का, म्हणाल्या. मी पुडा पुढे केला. त्यांनी तिथेच सोडला, एक सुकेळं तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं.

"दाताला चिकटतात हो. थोडी ओली राहिलीत का?"

मला राग आला. लोक फुकटचं खाऊन निदान वा म्हणतात. त्यांनी मात्र दुसरं घेतलं, मग तिसरं, आणि सायलीला विचारलं की हे वाळवतात ती जागा कशी असते, मांडव असतो का, सावली कुठून येते. सायली टेबलावरच काढून दाखवू लागली. फेलिक्स माझ्या कानाशी आला. "यशवंता, खोट काढली बघ."

"गप बस," मी म्हटलं.

परतताना पुन्हा तोच पूल, त्याच गाड्या. मी पुण्याच्या भाड्याच्या खोल्यांविषयी बोललो, तिथल्या पाण्याविषयी, घाटातल्या अपघातांविषयी, आजारी पडलेल्या त्या दोघांविषयी. मालाडवाले स्वतःला कुटुंब म्हणाले होते, हेही दोनदा सांगितलं. फेलिक्सने रेडिओ लावला.

रविवारी सकाळी मी वाडीत केळीची सुकी पानं काढत होतो. सायली आली, बांधावर बसली. उद्या उत्तर द्यायचंय, म्हणाली. मी म्हटलं, हो. मग ती म्हणाली, "आजोबा, लोंगर असता तर तुम्ही कुणाला दिला असतात?"

मालाड म्हणालो असतो तर तिने ऐकलं असतं. ती लहानपणापासून माझं ऐकते, म्हणूनच तर विचारायला आली होती. मी कोयता पुसला. पुन्हा पुसला. पन्नास वर्षं जे फेलिक्सला सांगितलं आणि हिला धोतर धरायच्या वयापासून सांगितलं, ते एका रविवारसाठी फिरवायला जीभ रेटेना.

"खोट काढणारीला," मी म्हटलं.

तिने थोडा वेळ माझ्याबरोबर पानं ओढली, मग फोन घेऊन विहिरीकडे गेली.

तर प्रदर्शनाचं म्हणाल तर बघण्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही. आवाज फार, चालणं फार, कॉफी महाग. जायचंच झालं तर मोठ्या हॉलातल्या रांगेत जीव घालवू नका, कोपऱ्यातल्या लहान खोल्यांत जा, तिथे खुर्च्या असतात आणि विचारलं तर उत्तर देतात. आणि घरचं माणूस बरोबर नेणार असाल तर काय ऐकून यावं लागेल याची तयारी ठेवा.

या हप्त्यातली राजेळी मांडवावर टाकली आहेत. सूनबाई म्हणतात, वाळली, काढा आता. मी काढू दिली नाहीत. अजून दोन ऊन लागू देत म्हटलं. पुण्यापर्यंत जायची आहेत, आणि त्या बाईंना दुसऱ्यांदा बोलायला मला जागा ठेवायची नाही.