दौलत सरांच्या आईचं नाव

दौलत भोईर सरांना मी आयुष्यात चार वेळा भेटले, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी मला माझ्या आजीचं माहेरचं नाव विचारलं. आडनाव नव्हे, नाव. लग्नात बदलायच्या आधीचं. मला वाटलं, म्हातारा जात काढतोय. आपल्याकडे आडनावावरून गाव आणि गावावरून बाकी सगळं काढणारे काय कमी आहेत? मी तोंड वाकडं करून "माहीत नाही" म्हटलं. ते म्हणाले, मग विचारून ये, आजी आहे ना अजून. दुसऱ्या भेटीत पुन्हा तेच. शेवटी कटकट नको म्हणून आजीला फोन लावला. ती आधी म्हणाली, आता ते कशाला? मग नाव सांगितलं, आणि नंतर अर्धा तास लहानपणच्या गोष्टी सांगत बसली. माझं फोनचं बिल नाही येत, पण ऑफिसचा लंच ब्रेक गेला.

सर म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक. माझ्या नवऱ्याचे, साईनाथचे गुरू. जन्म ठाण्याच्या बाळकुम गावचा, आगऱ्याच्या घरातला. आई गेली तेव्हा ते पाच वर्षांचे होते, बाप गेला तेव्हा आठ. चुलत्यांनी वाढवलं. आज त्यांच्या बापाच्या भातशेतीवर बावीस मजल्यांचे टॉवर आहेत, आणि त्यातल्या तीन टॉवरच्या लिफ्ट सर बघायचे. म्हणजे माणूस वीस वर्षं स्वतःच्याच शेतावर वरखाली करत होता. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की वाटतं."

पंच्याण्णव सालाच्या आसपास कंपनीने त्यांना दोन वर्षं बंगळुरूला पाठवलेलं. तिथे ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते ते कुटुंब मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका अमेरिकन पंथाचं होतं. सर परत आले ते मॉर्मन होऊनच. बाळकुमला कुणाला हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. चुलत्यांनी एवढंच धरलं की पोरगा बाटला. वाळीत वगैरे टाकलं नाही, पण पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायला लागलं. लग्न जमत होतं ते मोडलं, पुन्हा कुणी जमवलं नाही. सरांनी गावातच एक खोली भाड्याने घेतली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

या लोकांचे नियम भारी कडक. दारू नाही, तंबाखू नाही, इथवर ठीक. पण चहासुद्धा नाही. सोसायटीच्या ऑफिसात चहा आला की सर कोमट पाणी मागायचे. अर्ध्या ठाण्याला वाटायचं, यांना अल्सर आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. तोही आपल्यासारखा साबुदाणा, शेंगदाणे, केळी असा नाही, पाणीसुद्धा नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा काळजीने विचारलेलं, रविवारचा म्हणजे सूर्याचा का? सर म्हणाले, तसंच समजा.

साईनाथ त्यांच्याकडे आला तेव्हा बारावी नापास होता आणि घरी बाप पिऊन पडलेला असायचा. सरांनी त्याला आधी आयटीआयचा फॉर्म भरायला लावला, मग हाताखाली घेतला. शाफ्टमध्ये उतरायच्या आधी मेन स्विच आपल्या हाताने पाडायचा, त्याला कुलूप लावायचं, आणि किल्ली आपल्याच खिशात. कितीही भरवशाचा माणूस वर उभा असो. हे त्यांनी दहा वर्षांत दहा हजार वेळा सांगितलं असेल. आज साईनाथकडे लायसन आहे, डोंबिवलीत वन बीएचके आहे आणि बायको आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी नक्की सरांमुळे.

चर्चमध्ये येतोस का, हे सरांनी साईनाथला फक्त एकदा विचारलं. हा म्हणाला, नाही सर, आमच्याकडे चालणार नाही. सर म्हणाले बरं, आणि बारा नंबरचा पाना मागितला. विषय संपला तो संपलाच. साईनाथ हे सांगताना अजूनही हळवा होतो. मला त्यात हळवं होण्यासारखं काय ते बरेच दिवस कळत नव्हतं.

आता ते नावांचं. मॉर्मन लोक मानतात की माणूस मेल्यावरही घरची माणसं एकमेकांची राहतात, पण त्यासाठी आधीच्या पिढ्यांची नावं शोधून लिहावी लागतात. मग त्यांच्या मंदिरात एखादा जिवंत माणूस त्या मेलेल्याच्या वतीने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतो. वर गेलेल्याने तो मानायचा की नाही ही त्याची मर्जी. आणि बायकांची नावं जन्माची हवीत, सासरची चालत नाहीत. आता आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव संपलं. माझंही लिहिलेलं, सासूबाईंची हौस म्हणून. मी दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात केला आणि संचिताच राहिले. पण आधीच्या बायकांना कुठलं जमायला? सरांनी वीस-पंचवीस वर्षं घरोघरी जाऊन भोईरांच्या सात पिढ्यांच्या सुनांची माहेरची नावं गोळा केलेली. एक जाडजूड फाइल होती. त्यात एकच चौकोन रिकामा, सरांच्या स्वतःच्या आईचा.

रेशन कार्डावर ती गंगुबाई. पण गंगू हे बाळकुमचं, लग्नातलं नाव. तिचं माहेर खडवलीच्या पलीकडे. शाळेत गेलेली नाही, त्यामुळे कुठे दाखल्यावर नाव असायचा प्रश्नच नाही. बंगळुरूहून आल्यावर सर एकदा तिथे विचारायला गेलेले. मामाने अंगणातूनच हाकललं, बाटग्याला आमच्या बहिणीचं नाव सांगत नाही म्हणून. सर परत आले आणि पुन्हा कधी गेले नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये सर हार्ट अटॅकने गेले. सहासष्ट वर्षांचे होते. खोली साईनाथनेच रिकामी केली. त्यांच्या चर्चच्या मंडळीतले प्रफुल्ल अमोलिक म्हणून एक आहेत, ते म्हणाले, फाइल आणून द्या, पुढचं आम्ही बघतो. साईनाथ त्यांना म्हणाला, एक चौकोन भरायचा राहिलाय, तो भरून देतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला काय माहीत होतं? की लग्नाला सात महिने झालेत आणि आम्ही कुठे म्हणून गेलेलो नाही. मी अलिबाग ठरवलेलं, दोन रात्री. साईनाथ म्हणाला, अलिबागला गर्दी असते, खडवलीला नदीकाठी मस्त रिसॉर्ट आहे. खडवली! डोंबिवलीची माणसं खडवलीला डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी परत येतात, तिथे राहायला कोण जातं? पण म्हटलं जाऊ दे, नवरा पहिल्यांदा स्वतःहून काही ठरवतोय. शनिवारी बाइकवरून निघालो. मी नवीन कुर्ता घातलेला. रिसॉर्टवर बॅग उघडली तर त्याच्या टी-शर्टच्या खाली ती जाडजूड फाइल.

मी जे बोलायचं ते बोलले. सगळं इथे सांगत नाही. साईनाथने ऐकून घेतलं आणि म्हणाला, चिडलीयस ते बरोबर आहे, पण मामा कधीच गेलाय, आणि सरांची मावशी अजून जिवंत आहे असं कळलंय, ऐंशीला टेकलीय. ती गेली की नाव गेलं. मी हेल्मेट घातलं.

चांगुणाबाई म्हणजे गंगुबाईंची धाकटी बहीण. माहेर-सासर एकाच गावात. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर वाल सोलत बसलेली. साईनाथने पायाला हात लावला, सर गेल्याचं सांगितलं. तिने हातातली शेंग न सोलताच सुपात टाकली. मग म्हणाली, भाऊ त्याला हाकलत होता तवा मी दाराआड उभी होती, पाणी द्यायला पन बाहेर आली नाय.

इथे साईनाथने नाव विचारायचं होतं. वंशावळीसाठी हवंय, एवढं म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं, माझी खात्री आहे. पण सरांचा नियम होता की नाव घेताना ते कशासाठी हे जवळच्या माणसाला पूर्ण सांगायचं आणि त्याने हो म्हटलं तरच लिहायचं. आमच्या हरिश्चंद्राने सगळं सांगितलं. मंदिर, पाणी, गंगुबाईच्या वतीने कोणीतरी बुडणार, सगळं. मी मागून त्याच्या पाठीत बोट खुपसत होते, तरी थांबला नाही.

चांगुणाबाईने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "सोळा वर्साची होती ती. तिचं नाव बदललं तवा तिला कोनी इचारलं नाय. आता मेल्यावर पन तिला न इचारताच करनार? नको बाबा. नाव मी देत नाय."

साईनाथने समजावायचा प्रयत्न केला, की वर गेलेल्याने मानलं तरच ते लागू होतं. ती म्हणाली, ते तुला कोनी सांगितलं, ती सांगायला आली व्हती का? तो मान खाली घालून बसला. सर तिचे एकुलते एक, त्यांना बाकी काही नको होतं, एवढंच कसंबसं म्हणाला. म्हातारीचे डोळे भरले, पण नाही ते नाहीच.

मग तिने मला आत बोलावलं, पाणी न्यायला. चुलीपाशी उभी राहून विचारलं, तुजं नाव बदललं का? मी तांदळाच्या भाताची गोष्ट सांगितली. ती खुदकन हसली, मग माझं मनगट धरलं आणि कानाशी येऊन बहिणीचं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं, नीट ऐकू यावं म्हणून. म्हणाली, "लिवायचं नाय. पन मी गेल्यावर कोनाला तरी म्हाईत पायजे."

मला हे नको होतं. मी अलिबागला जाणारी बाई. सरांना चारदा भेटलेली, त्यांच्या देवाशी माझा काही संबंध नाही, आणि आता त्यांना जन्मभर न मिळालेली गोष्ट माझ्याकडे.

संध्याकाळी नदीवर गेलो. पोरं पाण्यात ओरडत होती, कुठेतरी स्पीकर लावलेला. साईनाथ दगडावर बसून फाइलचं ते पान उघडून बघत होता. म्हणाला, सरांनी मला माणसात आणलं आणि माझ्याच्याने एक शब्द आणवला नाही. मला राहवेना. एक शब्द तर बोलायचा होता. त्याने लिहिला असता, अमोलिकांनी फाइल पुढे पाठवली असती, खडवलीच्या म्हातारीला कधी कळणार होतं?

मी म्हटलं, "मला माहीत आहे नाव. तिने सांगितलं, पण लिहू नका म्हणून."

त्याने पटकन वर बघितलं. मग फाइल बंद केली आणि म्हणाला, "मग मला सांगू नकोस, संचिता. मला कळलं तर मी लिहीन." आणि रडायला लागला. सरांना मूठमाती देताना रडला नव्हता, तो तिथे, पोरांच्या त्या गोंगाटात, हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. सरांचा मला राग आला, आणि ते अजून हवे होते असंही वाटलं.

रविवारी परत येताना ठाण्याला वळसा घालून फाइल अमोलिकांकडे दिली. त्यांनी चाळली आणि विचारलं, हा राहिला का? साईनाथ म्हणाला, नाव आहे, परवानगी नाही. अमोलिकांनी फाइल मिटली. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगू का विचारलं, त्यांच्या घरी होत नाही, खालच्या टपरीवरून. मी नको म्हटलं.

चैत्रात खडवलीहून फोन आला, चांगुणाबाई झोपेतच गेल्या. फोन साईनाथनेच घेतलेला. मी ओट्याशी कुकर लावत होते. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हातारी गेल्याचं सांगितलं. ते नाव माहीत असलेलं माणूस आता मी एकटी, हे आम्हा दोघांना एकाच वेळी समजलं. तो माझ्याकडे बघत राहिला. विचारलं असतं तर त्या वेळी मी सांगितलं असतं.

त्याने विचारलं नाही.