कार्बनचा प्लाय

लाखनीच्या हॉलमध्ये रोज माझ्याशी टेबल टेनिस खेळणारे पोस्टातले बाबू फार कमी बोलत. पॉइंट गेला की "चालते" म्हणत आणि चेंडू शर्टाला पुसत. मी बॅटसाठी महागडा कार्बनचा प्लाय, म्हणजे रबराखालची फळी, आणला, तेव्हा त्यांनी तो बोटानं वाजवून पाहिला.

"हा तुमाले लय फास्ट होते, सर. हात बसला नाही अजून. साधं लाकूड घ्या."

मला राग आला. "मग तुम्हीच खेळून दाखवा."

ते खेळले. मला एकही पॉइंट मिळाला नाही. अर्धे चेंडू तर दिसलेच नाहीत. वर्षभर मी ज्यांना हरवत होतो, ते हेच?

"तुम्ही मुद्दाम हरत होता?" मी विचारलं.

"पयलेच असा खेळलो असतो, तर तुमी येनंच सोडलं असतं," ते म्हणाले. "मंग मी कोनासंगं खेळलो असतो?"