चेहरा सोडलेला रुमाल

न्यू मेक्सिकोच्या त्या तुरुंगात एलिसेओ आणि मी एकाच कोठडीत होतो. हा गडी पांढऱ्या हातरुमालांवर बॉलपेननं चित्रं काढायचा. कुणाला बायकोसाठी गुलाब हवा असे, कुणाला आईसाठी ग्वादालुपेची माउली, म्हणजे आमची सावळी मेरीमाता. तिचा तो सावळा रंग एलिसेओ कॉफीच्या पाण्यानं द्यायचा. बदल्यात नूडल्सची पाकिटं मिळत. ती जास्त मीच खाल्ली, खोटं कशाला बोलू!

चित्र काढताना स्वारी तिथं नसायचीच. जेवणाची हाक ऐकू यायची नाही. गदागदा हलवलं की म्हणायचा, नदीवर घोडीला पाणी पाजत होतो. माझं डोकंच फिरायचं. कोंडलेले दोघं आणि रोज सुटून जाणार हा एकटा!

त्याच्या पोरीला, मारिसेलाला, पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. आमच्या मेक्सिकन लोकांत त्या दिवशी चर्चमध्ये मिसाची प्रार्थना होते, पोरगी मोठा झगा घालते आणि पहिला नाच बापाबरोबर नाचते. मारिसेलाची आई वारलेली. पोरगी आजीकडे वाढत होती, आणि म्हातारीचा जावयावर असा दात, की कधी भेटीला आणली नाही, फोटोही धाडला नाही. निदान रुमालावर तरी तो नाच आपलाच व्हावा, एवढंच एलिसेओला हवं होतं.

त्यानं काढला. स्वतः सुटात, पोरगी झग्यात. चेहरा मात्र पुढचे दात पडलेल्या चिमुरडीचा. तो आत आला तेव्हा ती तेवढीच होती ना! सगळ्यांनी पाहिलं, कुणी बोललं नाही. माझ्या जिभेला कुठलं हाड!

"काय रे, पोरगी पहिलीतच बसलीय का अजून?"

त्यानं रुमाल चुरगळला आणि भिंतीकडे तोंड केलं. बोललो ते खरंच होतं, पण बोलायला नको होतं.

मग त्यानं नवा रुमाल ताणला. नाच तोच, पोरीच्या चेहऱ्याची जागा कोरी ठेवली. मी म्हटलं, असा धाडू नकोस बाबा, तिला वाटेल बाप विसरला.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "मला माहीतच नाही."

रुमाल गेला. वाढदिवस होऊन गेला. उत्तर नाही. एलिसेओनं पेनं मला देऊन टाकली आणि दिवसभर छताकडे बघत पडून राहू लागला. आता मात्र मी घाबरलो. जेवणाची हाक त्याला पहिल्यांदा ऐकू यायला लागली होती.

एका रविवारी माझी आई भेटायला आली. भेट म्हणजे मधे जाड काच आणि बोलणं फोनवरून. शेजारच्या काचेपाशी एलिसेओला बोलावलं होतं. पलीकडे एक उंच पोरगी, मागच्या बाकावर तोंड वाकडं करून बसलेली म्हातारी. पोरीनं रुमाल उघडून काचेला लावला. कोऱ्या जागी तिनं स्वतःचा चेहरा काढला होता. अगदीच कच्चा हात.

फोनमधून एलिसेओला काहीतरी म्हणाली. त्यानं मान खाली घातली, खांदे हलायला लागले. मला राहवलं नाही. काय म्हणाली रे, मी विचारलं.

"म्हणते, हा रुमाल हातात धरूनच नाचले. दुसऱ्या कुणाबरोबर नाही."

पोरीनं रुमाल खाली घेतला, काचेवर टकटक केली. त्यानं फोन पुन्हा कानाला लावला. ती इतकी मोठ्यानं बोलली, की आम्हालाही ऐकू आलं.

"पप्पा, रडताय काय? वर बघा. मला नाक जमलं नाही, तुम्ही नीट बघून घ्या."

आणि ती ताठ बसून राहिली, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी. कोठडीत परतल्यावर एलिसेओनं माझ्यापुढे हात केला आणि पेन मागितलं.