हळदीकुंकवावर ठेवलेला ठपका

माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची आहे. बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत तयार झालेले सर्किट बोर्ड माझ्या टेबलावर येतात. कुठं सोल्डरिंग कच्चं राहिलंय, कुठं पार्ट उलटा बसलाय, ते मी बघते. बघते आणि बोलते. जीभ जरा तिखटच आहे माझी. हिला कोरं भांडं दाखवलं तरी आधी पोचा शोधेल, असं घरचे म्हणतात आणि ते खोटं नाही.

या नोकरीमुळं नात्यातली सगळी बंद पडलेली यंत्रं माझ्याकडं येतात. मिक्सर, इस्त्र्या, आजारी पंखे. त्यातच आत्याचा व्हिडिओ गेम आला.

आत्या भवानीनगरला राहते. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांनी हा गेम मुलांसाठी म्हणून पुण्याहून आणला होता. लाल-पांढरं प्लास्टिक, वरच्या बाजूला कॅसेट खुपसायची खाच आणि वायरचे दोन रिमोट. मुलांसाठी हे नुसतं सांगायला. मुलं शाळेत गेली आणि मामांची पाळी सकाळची नसली की आतून कडी लागायची आणि नवराबायको रणगाड्यांची लढाई खेळत बसायचे. आत्याचा रणगाडा पिवळा, मामांचा हिरवा. एकदा शेजारीण साखर मागायला आली, तेव्हा आत्यानं टीव्हीवर घाईघाईनं टॉवेल टाकला. पण गोळ्यांचा आवाज बंद करायचं राहून गेलं. ही गोष्ट मामा दर लग्नात सांगायचे.

मुलं मोठी झाली, त्यांच्या हातात मोबाइल आले, गेम मात्र जुन्या टीव्हीखाली तसाच राहिला. मामा गेल्यानंतर एकदा मी दुपारी तिच्याकडं गेले, तर ती एकटी खेळत होती. पडद्यावर रणगाडे मात्र दोन. हिरवा एका कोपऱ्यात नुसता उभा, कारण त्याचा रिमोट गादीवर पडलेला.

"एकट्याचा डाव लाव की," मी म्हणाले.

"न्हाय. त्यांचा असू दे तितं. मी राखती त्याला."

आणि खरंच ती राखत होती. स्वतः गोळ्या खात होती, पण हिरव्याच्या वाटेला कुणाला जाऊ देत नव्हती. मी तिथं गप्प बसले. अशा वेळी गप्प बसता येतं मला, हे मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढं ते जमलेलं नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांना हळदीकुंकू लावतात. कोयता, खुरपं, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, काही घरांत मिक्सरसुद्धा. आत्या त्या ओळीत गेमही मांडायची. खाचेच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं, चार अक्षता, झेंडूचं फूल. "आता एकबी गोळी चुकायची न्हाय," असं मामा तिला चिडवायचे. मामा गेल्यावर तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. वाईट कुणी बोललं नाही. फक्त बोलावलं नाही. मुलाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ती आपणहून मागं, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बायकांना कुंकू लावायचं तिनं सोडलं. यंत्रांना मात्र लावत राहिली. तिचं ताट खंडेनवमीला त्यानंतरही तसंच निघायचं आणि त्यावर कुणाचंच काही म्हणणं नसायचं. यंत्रं काही तोंड फिरवत नाहीत.

या उन्हाळ्यात गेमच्या अडॅप्टरची वायर उंदरानं कुरतडली. आत्याचा फोन आला. माझ्या खणात इंटरनेटच्या जुन्या डब्याचा अडॅप्टर पडून होता. व्होल्ट तेवढेच, पिन बसण्यासारखी. एका रविवारी तो घेऊन गेले तर भवानीनगरला लाईट नव्हती. मला परतायची घाई होती. "लाईट आली की लाव, चालंल," असं सांगून मी निघाले. कंपनीत एक बोर्ड तपासल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही मी. आत्याच्या घरी मात्र चालंल म्हणाले आणि गाडीला किक मारली.

पुढं तिचा फोन. "अगं, लाल दिवाच लागंना."

सवड काढून पुन्हा गेले. त्या दिवशी ओसरीत पापड चालले होते. शेजारच्या दोघी लाटायला आल्या होत्या, आत्याची सून, म्हणजे आमची वहिनी, वाळत घालत होती. मी तिथंच पोत्यावर बसले, स्क्रूड्रायव्हर काढला, गेम उलटा करून स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं. खाचेतून पिवळ्या-लाल खड्यांचा चुरा मांडीवर पडला. एवढ्या वर्षांची हळद आणि कुंकू दमटपणानं घट्ट होऊन आत बसलं होतं.

मला केवढा आनंद झाला. हसत हसत ओरडलेच, "सापडला चोर! आत्या, तुझ्याच हळदीकुंकवानं खाल्लाय गं हा गेम!"

वीज तपासायचा मीटर माझ्या पिशवीत होता. तो मी बाहेरही काढला नव्हता.

शेजारणीचं लाटणं थांबलं. आत्यानं विचारलं, "माझ्या हळदीकुंकवानं?"

"मग आणि कुणाच्या?" मी म्हणाले.

आत्यानं पदराला बोटं पुसली. तिच्या बोटांना काही लागलेलं नव्हतं. मग म्हणाली, "न्हे तुझ्याबरं. झाला तर झाला." आणि उठून चहा ठेवायला आत गेली. दुसरी शेजारीण पापडाकडं बघत राहिली. मला वाटलं, मी जरा जास्त मोठ्यानं बोलले, एवढंच. गेम पिशवीत घालून मी बारामतीला आले.

घरी खाच स्पिरिटनं आणि दातांच्या जुन्या ब्रशनं लख्ख केली. कॅसेटचे पितळी दात पुसले. तोच अडॅप्टर लावला. दिवा लागला नाही. तेव्हा कुठं मी मीटर काढला. बाहेरची वीज बेतात आणून आतल्या चिपला देणारा तीन पायांचा एक पार्ट असतो, तो जळला होता. का जळला, ते बघायला गेम पालथा केला. तळाला छोटी आकृती कोरलेली होती, मधे उणे, बाहेर अधिक. मग अडॅप्टरवरची आकृती बघितली. मधे अधिक, बाहेर उणे.

वीज उलटी गेली होती. आत्यानं माझ्यावर विसंबून तो अडॅप्टर लावला आणि त्याच क्षणी गेम गेला. हळदीकुंकू बिचारं वर्षानुवर्षं खाचेत पडून होतं, त्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. उलटं बसवलेलं काही दिसलं की मी बोर्ड परत पाठवते आणि ज्यानं बसवलं त्याला चार शब्द ऐकवते. इथं ऐकवायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

पार्ट बदलला, बरोबर अडॅप्टर जोडला. लाल दिवा लागला, रणगाड्यांचा तो टुणटुणीत सूर वाजला. चिप वाचली होती. खरं तर तेव्हाच फोन उचलायला हवा होता. आत्याचा फोन त्या आठवड्यात आपणहून आला आणि मी तिला सांगितलं, "पार्ट मिळंना गं. पुण्यावरनं मागवलाय."

गेम माझ्या कपाटावर चालू अवस्थेत ठेवलेला होता आणि मी हे बोलले.

आत्या रागावेल म्हणून लपवलं असतं तर एक वेळ मीच मला समजून घेतलं असतं. पण आत्या रागावणारी बाई नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ठपका चारचौघींत ठेवला होता, आता तो चारचौघींतच मागं घ्यावा लागणार होता, आणि सगळ्यांच्या चुका काढणारी मी तिथं कशी दिसले असते, याची मला लाज वाटत होती. तेवढ्यासाठी आत्याच्या नावावरचा ठपका मी राहू दिला.

पावसाळ्यात वहिनीचा फोन आला. त्यांनी नवी स्कूटर घेतली होती. "ताई, ताट करून आमी सगळी दारात हुबी. पूजा करायला आत्याबाईच पाहिजेत की. तर म्हणाल्या, तू लाव, माझा हात नको. शिलाई मशीनवरबी आता काय लावत न्हाईत. शुक्रवारी लावायच्या, त्येबी बंद केलंय."

"कधीपासून?" मी विचारलं, तरी उत्तर कळलं होतं.

"तुमी पापडाच्या दिवशी बोललात ना, तवापसनं."

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा ते वाक्य बाहेरून ऐकलं. नवरा गेलेल्या बाईच्या हळदीकुंकवानं घरातली वस्तू गेली, असं मी शेजारणींच्या देखत हसत बोलून मोकळी झाले होते. आजवर जे तिला गावात कुणी तोंडावर बोललं नव्हतं, ते तिच्या स्वतःच्या भाचीनं बोलून दाखवलं. तेही खोटं. यंत्रांनी तिला कधी नको म्हटलं नव्हतं. त्यांच्या वतीनं मीच नको म्हणाले. मला स्वतःची एवढी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

आणि तरी मी लगेच गेले नाही. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं करत दिवस काढले. माणूस किती हलका होऊ शकतो, हे बघायला मला दुसऱ्याच्या टेबलावर जायची गरज उरली नव्हती.

शेवटी खंडेनवमीला सकाळीच निघाले. रस्त्याला धुतलेले ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून उभे होते. आत्याच्या ओसरीत वहिनीनं पाट मांडून शिलाई मशीन, कोयता, खुरपी, स्कूटरची किल्ली ओळीनं ठेवली होती. ताट वहिनीच्याच हातात होतं. आत्या उंबऱ्याच्या आत बसून फुलं निवडत होती. मी गेम पाटाच्या टोकाला ठेवला आणि पलीकडं जाऊन पापडाच्या दिवशीच्या दोघी शेजारणींना बोलावून आणलं. त्यांना वाटलं, काहीतरी गोड आहे.

"माझ्या हातनं चूक झालीय," मी उभ्याउभ्याच म्हणाले. "गेम हळदीकुंकवानं गेला न्हवता. मी दिलेला अडॅप्टर उलटा हुता, त्यानं गेला. आत्याचा त्यात काय दोष न्हाय. मी तपासलं न्हवतं आणि उगं बोलले."

आत्यानं हातातलं फूल खाली ठेवलं.

"म्हंजे माझ्या हातानं न्हवतं झालं?"

"न्हाय गं आत्या."

"हे तुला आज कळलं व्हय?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "न्हाय," मी म्हणाले. "घेऊन गेले तवाच कळलं हुतं. लाज वाटत हुती."

आत्यानं मला ओरडायला हवं होतं, मी त्याची तयारी करून आले होते. ती म्हणाली ते असं, "मग स्कूटर आली तवा तरी सांगायचं हुतंस. सूनबाईनं किती आग्रह केला."

मला रडू आलं. शेजारणींसमोर, सगळ्यांसमोर. आत्यानं मला रडू दिलं. जवळ आली नाही की थांब म्हणाली नाही, आणि तेच बरोबर होतं.

थोड्या वेळानं वहिनीनं ताट तिच्यापुढं धरलं. आत्यानं शेजारणींकडं एकदा पाहिलं. "लावा की वैनी, कुणाची वाट बघताय?" त्यांतली एक आत्याला म्हणाली. आत्या उठली. तिनं शिलाई मशीनला हळदीकुंकू लावलं, कोयत्याला लावलं, खुरप्यांना लावलं. स्कूटरची किल्ली बाजूला ठेवून बाहेर जाऊन स्कूटरलाच लावून आली. माझ्या पिशवीतला मीटर वर डोकावत होता, त्यालाही एक बोट ओढलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

मग ती गेमपाशी आली. वाकली, बोटावर हळद घेतली आणि तशीच थांबली. पूर्वी ती खाचेच्या अगदी कडेला लावायची, ते मला आठवत होतं. आता तिनं आधी डावा तळहात पसरून खाच झाकली, घट्ट, जराही फट न ठेवता, आणि पार दूरच्या कोपऱ्यावर, जपून, नखाएवढी हळद आणि तेवढंच कुंकू टेकवलं.

"आत्या, त्यानं काय हुत न्हाय गं," असं म्हणत मी तिचा हात बाजूला करायला गेले. "खरंच काय हुत न्हाय."

तिनं हात काढला नाही.

"व्हय, सांगितलंस की तू," ती म्हणाली. "पर असू दे. आपली आपण काळजी घेतलेली बरी."