जस्तानंतरचे दोन खण

माझा धाकटा भाऊ ट्राउगोट लिंडिग हा एल्मरोडा गावचा औषधवाला. लग्न केलं नाही. बटाट्याचे गोळे पाच खाऊन सहावा मागणारा. मी विधवा होऊन माहेरी आले आणि त्याचं घर सांभाळू लागले. त्याला एकच खूळ होतं, मूलद्रव्यांना रांगेत बसवायचं. अणुभारांची नवी यादी हाती आल्यापासून तर तो माणसातून उठलाच.

मागच्या खोलीत वडिलांचं जुनं कपाट होतं, एकेका ओळीत सात खणांचं. त्यानं भाराच्या क्रमानं खणाखणावर चिठ्ठ्या डकवल्या. सात झाले की आठवं पुन्हा पहिल्याच्या वळणावर जायचं. लिथियमखाली सोडियम, त्याखाली पोटॅशियम, तिघंही पाण्यात टाकली की चवताळणारी.

"ताई, बघ तरी! सख्खी भावंडं!" पन्नाशीचा बाप्या टाळ्या पिटायचा.

लोखंड, कोबाल्ट, निकेल या गोतावळ्याला एकाच खणात कोंबून गाडी कशीबशी जस्तापर्यंत आली आणि रुतली. जस्तानंतर यादीत आर्सेनिक. त्याचे गुण फॉस्फरसचे, पण चिठ्ठी जाऊन बसली ॲल्युमिनियमखाली.

"मग मधले दोन खण रिकामे सोड, म्हणजे ते फॉस्फरसखाली जाईल," मी वाटाणे सोलता सोलता म्हटलं. "अजून कुणाला सापडली नसतील ती."

"रिकामे? लिंडिगच्या कपाटात?"

आमच्या धंद्यात रिकामा खण म्हणजे कलंक. दरसाल सरकारी तपासनीस येऊन एकेक खण ओढून बघे आणि रिकामा दिसला की चारचौघांत बोलणी खावी लागत. वडील तर औषध संपलं की त्या खणात वाळका पुदिना भरून ठेवत.

"अरे, हे काय दुकान आहे?" मी म्हटलं.

"तुला यातलं काय कळतंय, ताई! वाटाणे बघ तू."

मी वाटाणे बघितले.

त्यानं इंडियम आणि लँथेनम ही भलतीच दोन मूलद्रव्यं उचलून त्या दोन खणांत कोंबली. त्यांचे भार जुळेनात, तेव्हा जगानं ते चुकीचे मोजलेत असं ठरवून टाकलं. मग सगळं सुवाच्य अक्षरात लिहून जिल्ह्याच्या औषधवाल्यांच्या सभेत वाचलं. वीस वर्षांच्या रात्री होत्या त्या कागदांत. मी बायकांच्या बाकावर बसले होते.

अध्यक्ष क्रेचमार मिशी पुसत म्हणाले, "लिंडिग, वजन तराजूनं ठरवायचं की कपाटानं?"

हशा पिकला. माझा भाऊ कागद छातीशी धरून उभाच राहिला. मला उठून त्या मिशाळाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण मी जागची हलले नाही. त्या कपाटाला पुन्हा त्यानं हात लावला नाही.

पाच वर्षांत त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. औषधवाल्यांचं साप्ताहिक मी वाचून दाखवी. एका सकाळी त्यात बातमी होती, रशियात कुणीतरी मूलद्रव्यं भारानं मांडलीत, आणि जस्तानंतर दोन जागा मुद्दाम मोकळ्या सोडून तिथं काय सापडेल तेही छातीठोक सांगितलंय. ती दोन जागांची ओळ आधी माझ्या डोळ्यांना दिसली आणि मी वाचता वाचता थांबले.

"थांबलीस का?"

गाळून पुढं जाता आलं असतं. मला खोटं वाचता येईना. मी वाचलं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. तो टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत बसला.

"तू म्हणाली होतीस."

"हो."

"एकदाच म्हणालीस." त्यानं टेबलावर मूठ आपटली. "एकदाच! मी पहिल्या खेपेला तुझं कधी ऐकलंय का गं जन्मात? मग गप्प का बसलीस?"

तो लहान मुलासारखा रडत होता, आणि मी शेजारी बसून राहिले.